तीर्थन खोऱ्यातील ट्राउट, फ्लाय रॉड आणि कॅमेरा : नागपुरातून तयारी कशी करावी?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात बँकेत नोकरी करतो. लहानपणापासून गळ टाकण्याची आवड आहे आणि गेल्या काही वर्षांपासून डोंगर, नद्या व झाडे यांची छायाचित्रे काढण्याचा नाद लागला आहे. गेल्या मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, येथील उन्हातून सुटका म्हणून हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात चार दिवस राहून आलो. सोबत नवा फ्लाय रॉड, म्हणजे पिसे-धाग्याची नकली माशी (फ्लाय) फेकण्याची लवचिक काठी, होता आणि जुना कॅमेरा. दोन्हींपैकी एकाचेही चीज झाले नाही. चार दिवसांत एकही ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) लागला नाही, आणि काढलेल्या सुमारे नऊशे छायाचित्रांपैकी बहुतेकांत नदीच्या जागी नुसता पांढरा पत्रा दिसतो.

नेमके काय घडले ते सांगतो. रॉड आणि लाइन (तिच्यासाठीचा जाड दोरा) एकाच दुकानातून ऑनलाइन मागवली होती. रॉडवर ५ हा आकडा छापलेला आहे आणि लाइनच्या डबीवर ८. विचारल्यावर दुकानदाराने ‘चालते’ एवढेच उत्तर दिले. नदीवर लाइन पुढे फेकली की तिचा शेवटचा भाग माझ्यासमोर गुंता होऊन पडे आणि मागे नेली की फ्लाय काठावरच्या झुडपांत अडके. पाण्यावर ती पडताना टाळी वाजवल्यासारखा आवाज होत असे.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. गुशैणीजवळच्या एका लहान पुलावरून खाली पाहिले तेव्हा दोन ट्राउट मला स्वच्छ दिसले; प्रवाहाकडे तोंड करून, जवळजवळ एकाच जागी, शेपटी किंचित हलवत ते उभे होते. मी खाली उतरून काठावर गेलो, तर त्याच जागी आभाळाच्या चकाकीशिवाय काहीच दिसेना, आणि पुन्हा पुलावर जाऊन पाहिले तेव्हा मासेही नव्हते. असे का व्हावे?

या वर्षी पुन्हा जाण्याचा विचार आहे. नागपुरात ट्राउट नाही हे उघड आहे, परंतु येथे राहून हाताला वळण कसे लावता येईल, पाण्याची छायाचित्रे पांढरी का होतात, आणि एकट्या माणसाने एकाच सहलीत रॉड व कॅमेरा दोन्ही सांभाळावेत की एक घरी ठेवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काठीवाला (उत्तर)

आपल्या गुंत्याचे अर्धे कारण त्या दोन आकड्यांतच आहे. साध्या गळात वजन शिशाच्या गोळीचे किंवा आमिषाचे असते आणि दोरा त्याच्या मागे ओढला जातो. फ्लायला मात्र वजनच नसते. पिसे आणि धागा गुंडाळलेली ती एक आकडी असते, आणि तिला पुढे नेण्याचे काम लाइनचे वजन करते. म्हणूनच लाइनला क्रमांक असतो. ५ क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम असते, तर ८ क्रमांकाच्या लाइनच्या तेवढ्याच लांबीचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ५ च्या रॉडला हे ओझे झेपत नाही, तो मुठीपर्यंत वाकतो, उशिरा सरळ होतो आणि लाइन पाण्यावर आपटते. आपण ऐकलेली टाळी ती हीच. दुकानदाराचे ‘चालते’ विसरून जा आणि ५ क्रमांकाची तरंगणारी लाइन घ्या. रॉड बदलण्याची गरज नाही.

उरलेले अर्धे कारण मनगटात आहे. नवशिक्या माणसाचा हात मागे जाताना थांबतच नाही, मनगट मोडते, रॉडचे टोक जमिनीकडे झुकते आणि लाइन झुडपात शिरते. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा : पुढे दहावर थांबायचे आणि मागे एक-दीडच्या सुमारास. हे थांबणे झटक्याने झाले पाहिजे, कारण वाकलेला रॉड थांबतो तेव्हाच लाइन त्याच्या पुढे सुटते. त्यानंतर मागची लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहायची. ही वाट पाहणे सर्वांत अवघड आहे, कारण मागे काय चालले आहे ते दिसत नाही आणि माणसाला घाई सुटते. चाबकासारखा कडक आवाज आला तर समजावे की हात पुढे लवकर आला. अशा वेळी कित्येकदा टोकाची फ्लाय तुटून गेलेली असते आणि आपण अर्धा तास नुसत्या दोऱ्याने मासे पकडत बसतो. मी स्वतः हे केले आहे.

नागपुरात सरावासाठी पाणी नसले तरी चालते. पहाटे वारा पडलेला असताना एखाद्या मोकळ्या मैदानाच्या हिरवळीवर जा. सिमेंटवर लाइन खरवडली जाते, ते टाळा. लीडरच्या, म्हणजे लाइनच्या शेवटी बांधलेल्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बांधा. घरातली परात ३० फुटांवर ठेवा आणि लोकर तिच्यात पडेपर्यंत हात चालवा. रॉडच्या मुठीचा खालचा भाग शर्टाच्या बाहीत खोचला तर मनगट आपोआप आवरले जाते. रोज वीस मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा तीन तास केल्याने खांदा मात्र दुखेल. ज्या ठिकाणी मागे झाडी असते तेथे रोल कास्ट लागतो, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढच्या पुढे गुंडाळून टाकणे. तो मात्र हिरवळीवर शिकता येत नाही, कारण लाइनला पाण्याची पकड हवी असते. त्यासाठी एखाद्या तळ्यावर लोकर बांधूनच जा.

आता पुलावरच्या माशांविषयी. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढी असते; मासा एक मीटर खोल असेल तर तिचा व्यास सव्वादोन मीटरच्या थोडा वर भरतो. खिडकीच्या कडेला आडवे येणारे किरण इतके दाबले जातात की पाण्याच्या पृष्ठभागापासून दहा अंशांच्या आत जे काही असेल ते माशाला जवळजवळ दिसत नाही. याचा व्यवहारातला हिशोब असा की, खिडकीच्या काठापासून ३० फुटांवर असलेल्या माणसाची पाण्यापासून उंची पाच फुटांच्या आत राहिली तर तो सहसा ओळखला जात नाही. आपण काठावर ताठ उभे राहिलात, बहुधा त्याहून जवळ. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणे वरून वाहत येते. म्हणून खालच्या बाजूने, वाकून, मागून जावे. चमकदार रंगाचा शर्ट घातला असेल तर तोही बदलावा.

जाण्याच्या वेळेविषयी एवढेच सांगतो की मे महिन्याच्या मध्यास वितळत्या बर्फाचे पाणी चढलेले असते. हिमाचलात ट्राउटच्या विणीमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. मार्च-एप्रिल, किंवा पावसाचा गढूळपणा उतरल्यावर सप्टेंबरचा उत्तरार्ध व ऑक्टोबर हे दिवस बरे. परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्यावा, आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकू नये.

धरमपेठकर

आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार. त्या दिवशी माझ्या अंगात केशरी रंगाचा टी-शर्ट होता हे सांगायला संकोच वाटतो. एक उपप्रश्न : माशाला मी दिसलो ते कळले, परंतु मला मासा पुलावरून दिसला आणि काठावरून का दिसला नाही?

उलटा_प्रकाश (उत्तर)

हा प्रश्न आणि आपल्या पांढऱ्या छायाचित्रांचा प्रश्न एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर पृष्ठभाग आभाळाचा अवघा दोन टक्के प्रकाश परत पाठवतो आणि तळ दिसतो. नजर जसजशी आडवी होत जाते तसतसा हा वाटा वाढतो, आणि काठावर बसून पलीकडे पाहिले की आभाळच आभाळ दिसते. पुलावर आपण पहिल्या स्थितीत होता, काठावर दुसऱ्या. कॅमेऱ्यालाही तोच नियम लागू पडतो. शिवाय चकाकी आणि सावलीतले दगड एकाच चौकटीत आले की त्याला दोन्ही पेलत नाहीत आणि पाणी पांढरे पडते.

यावर उपाय पोलरायझर, म्हणजे लेन्ससमोर लावून फिरवता येणारा, चकाकी अडवणारा फिल्टर. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात जवळजवळ पूर्णपणे एकाच दिशेत कंप पावतो, आणि तो कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांचा असतो. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून नजर साधारण ३७ अंश खाली झुकलेली असताना फिल्टर फिरवला तर चकाकी पडदा ओढल्यासारखी निघून जाते. अगदी आडव्या किंवा अगदी उभ्या नजरेला त्याचा विशेष उपयोग होत नाही, आणि कित्येक जण फिल्टर लावून तो न फिरवताच नावे ठेवतात. प्रकाश एक ते दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवून घ्यावा. गळ टाकताना घालायचा पोलराइज्ड चष्मा हेच काम डोळ्यांसाठी करतो. अडचणीच्या वेळी त्याच चष्म्याची काच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून फिरवा. चित्र गुळगुळीत येणार नाही, पण तळाचे दगड दिसतील.

हवेतल्या लाइनचे छायाचित्र हवे असेल तर सूर्य लाइनच्या पलीकडे आणि त्याच्याही मागे सावलीतला देवदाराचा उतार, अशी जागा शोधावी. पिवळी किंवा केशरी लाइन अशा पार्श्वभूमीवर तारेसारखी पेटते आणि तिच्यावरून उडणारे थेंब मोजता येतात. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. रेशमासारखे वाहते पाणी हवे असेल तर पाव ते एक सेकंद आणि तिपाई. तिपाई नदीत उभी करत असाल तर पाय रोवल्यावर दोन मिनिटे तिच्याजवळच थांबा, कारण वाळू पायांखालून हळूहळू सरकत राहते. माझी एक लेन्स याच कारणाने बास्पा नदीत स्नान करून आली.

आता आपला तिसरा प्रश्न. येथे मला थोडे कडक लिहायचे आहे. काही वर्षांपूर्वी मी एकटाच होतो, अर्ध्या किलोच्या आसपासचा सुरेख ब्राउन ट्राउट लागला, पिवळसर अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट वलय. माझ्या डोळ्यांसमोर लगेच छायाचित्र तरळू लागले. मासा कोरड्या दगडावर ठेवला, पिशवीतून कॅमेरा काढला, लेन्स बदलली, मासा उडाला तसा पुन्हा उचलून ठेवला, प्रकाश जमेना म्हणून बाजू बदलली. छायाचित्र चांगले आले. मासा पाण्यात सोडला तेव्हा तो आडवा झाला, मी त्याला दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून बराच वेळ धरून ठेवले, आणि शेवटी तो तसाच वाहत गेला. ते छायाचित्र मी कोणाला दाखवत नाही.

सोडायचा मासा असेल तर आकडीच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि रोग शिरतो. मासा जाळीत, पाण्यातच राहू द्या. कॅमेऱ्याची मांडणी आधी झालेली हवी. मासा पाण्याबाहेर आपल्या एका श्वासापेक्षा जास्त वेळ नको. तो श्वास आपणही रोखून धरला की हिशोब चुकत नाही. एकट्याने हे जमत नाही, असे माझे मत आहे. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे मासा खात असतो तेव्हा, कॅमेरा पिशवीत बंद. आणि दुपारी, सूर्य वर असताना आणि प्रकाश तळापर्यंत पोहोचत असताना, रॉड झाडाला टेकवून पोलरायझर लावलेला कॅमेरा. कोवळ्या प्रकाशातली छायाचित्रे हुकतात, ही किंमत खरीच आहे. ढगाळ दिवस मिळाला तर दोघांनाही सोयीचा.

मामातलाव (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, तरी ‘नागपुरात ट्राउट नाही हे उघड आहे’ या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते. का नाही, हे समजले तर तीर्थनमध्ये तो कोठे सापडेल हेही समजते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो : १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला १२ ते १६ अंशांचे पाणी मानवते, २० च्या पुढे तो कासावीस होतो आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्याकडच्या उथळ तलावांचे पाणी मे महिन्यात हाताला कोमट लागते. म्हणून दुपारी उन्ह तापले की खळखळत्या पाण्याच्या पायथ्याशी, जेथे फेस संपतो आणि हवा मिसळलेले पाणी स्थिरावू लागते, तेथे पाहावे.

हा मासा तिकडचाही मूळचा नव्हे. ब्राउन ट्राउट युरोपातला. १९०० साली काश्मिरात आणि १९०९ साली कुल्लू भागात तो आणून सोडला गेला. निलगिरीत आहे तो रेनबो ट्राउट, मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. हिमालयातल्या ज्याला स्नो ट्राउट म्हणतात तो तर ट्राउटच्या कुळातलाच नाही, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. तो लागला तर इथलाच म्हणून त्याला जपून सोडावे, एवढी विनंती.

माझे आजोळ नवेगावबांधच्या बाजूला आहे आणि आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी होत आली आहे. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी काळातल्या तलावांना आम्ही मामा तलाव म्हणतो. तेथे आजोबा मरळ पकडत ते लांब बांबूच्या टोकाला बेडकी लावून, कमळाच्या पानांवरून ती टुपूक टुपूक नाचवत. पाण्यावर वजन पडू द्यायचे नाही, सावली पडू द्यायची नाही, हे त्यांनी मला रॉड हे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी शिकवले. पावसाळ्याच्या सुरुवातीला कधी पाण्याच्या वरच्या थरात तांबूस पिल्लांचा हाताएवढा पुंजका वर-खाली होताना दिसतो. त्याच्या खाली नर-मादी पहारा देत असतात आणि पुंजक्याजवळ काहीही पडले की झडप घालतात. तेव्हा मरळ सहज लागते, म्हणूनच आजोबा तेव्हा गळ गुंडाळून घरी येत. पहारेकरी गेला की सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

आपल्याला खऱ्या पाण्यावर सराव हवा असेल तर तिलापियासारखा मासा लहान निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) घेतो आणि हाताला चांगले शिकवतो. फक्त ज्या तलावावर जाल तेथील मासेमारी ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला आधी विचारा. ते लोक बोलायला लागले की पाण्याविषयी पुष्कळ कळते. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र रॉड उघडूसुद्धा नका.

आणि नदीवर पोहोचल्यावर फ्लाय निवडण्याआधी गुडघाभर पाण्यातला एक दगड उलटा करून पाहा. त्याच्या पोटाला वाळूच्या कणांचे, काडीएवढे घरटे चिकटलेले दिसेल. त्यात कॅडिस या पाणकिड्याची अळी असते. शेपटीला दोन-तीन बारीक केस असलेले चपटे किडे धावताना दिसतील. ट्राउटचे बहुतेक खाणे असे पाण्याखालीच चालते, वर उड्या मारणारा मासा मोहात पाडतो एवढेच. दगड पाहून झाला की होता तसाच परत ठेवावा.

काठीवाला

दगडाचा सल्ला लाख मोलाचा आहे आणि मी तो लिहायला विसरलो होतो. त्यात एवढीच भर घालतो की निम्फ प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधला प्रवाह जोरात आणि पलीकडचे पाणी संथ असेल तर लाइनला पोट पडते आणि फ्लाय ओढली जाते. मासा ती चूक लगेच ओळखतो. लाइन पाण्यावर टेकताक्षणीच रॉडचे टोक हलके उचलून ते पोट वरच्या बाजूला पलटवावे. मैदानावर हे करून पाहिले तर हसू येईल, तरी करावे.

धरमपेठकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ५ क्रमांकाची लाइन आली. रोज पहाटे मैदानावर जातो. पहिल्या आठवड्यात परातीत एकदाही लोकर पडली नाही, आता दहापैकी तीनदा पडते आणि बाहीत रॉड खोचण्याच्या युक्तीमुळे मागची लाइन जमिनीला लागत नाही. संक्रांत जवळ आल्याने मैदानावर मुलांची गर्दी असते. काल एक मुलगा बराच वेळ माझ्या रीलकडे पाहत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “काका, चक्री तर मस्त आहे, पण पतंग कुठं गेली?” मी त्याला परात दाखवली. त्याने रॉड मागून घेतला आणि चौथ्याच प्रयत्नात लोकर परातीच्या काठावर टेकवली. पतंगाला ढील देणाऱ्या हाताला वाट पाहणे आधीच येत असावे.

काल संध्याकाळी फुटाळ्यावर चष्म्याची काच मोबाइलसमोर धरून पाहिली. चौपाटीच्या पायऱ्यांजवळ, नजर बरीच खाली झुकवल्यावर, काच फिरवता फिरवता आभाळ पुसले गेले आणि पाण्याखालची हिरवी पडलेली पायरी वर आली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी तीर्थनला खोली ठरवली आहे. मेहुणे सोबत येत आहेत. मासा लागलाच तर कॅमेरा त्यांच्या हातात असेल, म्हणून सध्या त्यांना पोलरायझर फिरवायला शिकवत आहे.